आठ बाय छप्पन्न

आधीच सांगून टाकतो. मी माझ्या आतेभावावर जळायचो. अधूनमधून नाही, रोज. सकाळी बसची वाट बघत उभा असायचो आणि तो त्याच्या गाडीतून हॉर्न वाजवून निघून जायचा, तिथून जे सुरू व्हायचं ते झोपेपर्यंत. (थांबायचाही कधीकधी. लिफ्ट द्यायचा. तेव्हा जास्त जळायचो.)

मी तेव्हा चोवीसचा, नागपूरहून वर्क परमिटवर मिल्टन कीन्सला आलेला, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. आत्या इथे पंचवीस वर्षं, मी तिच्याच घरी राहायचो. तिचा मुलगा इथेच जन्मलेला, माझ्याहून फक्त आठ महिन्यांनी लहान, पण आत्याने पहिल्याच दिवशी ऑर्डर काढली, "ह्याला दादा म्हणायचं." आणि तो खरंच म्हणायचा! सहा फूट उंच, इंग्लिश असं बोलायचा की फोनवर कुणाला कळू नये, पासपोर्ट खिशात, आणि मला म्हणायचा, "दादा, तुझी शूज बाहेर राहिला." म्हणजे रागवायलाही जागा नाही. सगळं असून वर चांगला. असा माणूस फार त्रास देतो हो.

आता ससे कुठून आले ते सांगतो. आत्याने अलॉटमेंट घेतली होती. कौन्सिल वर्षाच्या भाड्याने छोटा जमिनीचा तुकडा देते, त्याला इथे अलॉटमेंट म्हणतात. तिथे ती मेथी, कोथिंबीर, वांगी लावायची, आणि ससे ते खायचे. वांगी नाही, मेथी. इंग्लंडचे ससे मेथी खातात हे मला आत्याकडूनच कळलं. "मेल्यांना पालक चालत नाही, मेथीच पाहिजे," ती म्हणायची. कुंपणापलीकडे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं शेत होतं, बीटाचं, आणि ससे राहायचे त्याच्या बांधावरच्या काटेरी झुडपांत. त्याचंही बीट कुरतडायचे. आतेभाऊ एकदा मेथीबद्दल तक्रार करायला म्हणून गेला आणि दोन तास फुटबॉलवर गप्पा मारून, चहा पिऊन परत आला. वर म्हणाला, "दादा, तो आपल्याला शूटिंग करू देईल कदाचित."

दोन तास! मला या देशात कुणी दोन तास उभं केलं नव्हतं.

आम्ही दोघांनी एअर रायफली घेतल्या. तिला तेव्हा इथे लायसन्स लागत नव्हतं, छर्रा मारते, ससा-उंदीर एवढ्यांसाठीच. पण ज्याचं शेत त्याची परवानगी लागतेच लागते, आणि लोक ती कागदावर घेतात, सहीसकट. कुणी पोलीस बोलावले तर तोच कागद दाखवायचा. म्हाताऱ्याची अट अशी की कागदावर नाव एकाचंच. एका शेतात दोन बंदुका त्याला नको होत्या. "ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी दोघं या," तो म्हणाला. "मी बघतो आणि ठरवतो." आतेभावाला म्हणाला 'मेट', म्हणजे दोस्त, आणि मला म्हणाला 'यंग मॅन'. हे मी घरी जाऊन तीनदा आठवलं.

मला तो कागद हवा होता. किती हवा होता ते आता सांगताना लाज वाटते. माझ्या नावाचे या देशात कागद होते दोनच प्रकारचे, पगाराची स्लिप आणि व्हिसाची पत्रं, आणि दोन्हींत कुठेतरी लिहिलेलं असायचं की हा अमुक तारखेपर्यंतच. इथे एक म्हातारा आपल्या हाताने लिहून देणार होता की हा माणूस माझ्या जमिनीवर यायला हरकत नाही. तारीख नाही, काही नाही. शिवाय (खरं सांगायचं ठरलंय ना) तो आतेभावाला मिळू नये, हेही होतंच. अर्धं तर तेच होतं.

आणि मी नेम चांगला मारायचो! आत्याच्या गार्डनमध्ये जाड फळीसमोर डबे ठेवून प्रॅक्टिस करायचो आम्ही, पंचवीस यार्डांवरून. माझे दहातले नऊ, त्याचे सहा-सात. तो चुकला की स्वतःच हसायचा. मी चुकलो की छर्ऱ्याला शिव्या घालायचो. तर मला वाटलं, झालं, कागद आपलाच.

पण म्हाताऱ्याने एक गोष्ट सांगितली होती. ससे खरे बाहेर येतात ते अगदी शेवटच्या पंधरा मिनिटांत, सूर्य गेल्यावर, दिवस संपत नाही आणि रात्र होत नाही तेव्हा. "तेव्हा दिसेल असा स्कोप आणा," तो म्हणाला. "ते खेळणं नको." खेळणं म्हणजे रायफलीबरोबर फुकट आलेला बारका स्कोप, नेम धरायला वर बसवतात ती दुर्बीण. खरोखर खेळणंच होतं ते, ढग आला तरी त्यातून अंधार व्हायचा.

"दादा," आतेभाऊ म्हणाला, "तू एक्सेल कर ना. तू बेस्ट करतो ते."

ऑफिसात माझं कामच ते होतं. कुठलंही टूल घ्यायचं की शीट बनवायची. एकेका ओळीत एकेक गुण लिहायचा, त्याला वजन द्यायचं, मार्क द्यायचे, बेरीज. ज्याची बेरीज जास्त ते घ्यायचं. मी त्या घरात टोस्टरसुद्धा असाच निवडला होता आणि आत्याने ते भारतात सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं.

तर मी माहिती गोळा करायला दुसऱ्या दिवशी लंच टाइममध्ये सायकल काढली. मिल्टन कीन्समध्ये गाड्यांना गोल चौक आणि सायकलींना लाल रस्ते, त्या लाल रस्त्याने तीन चौकांच्या खालून गेलं की एक इंडस्ट्रियल इस्टेट यायची, टायरवाल्याच्या शेजारी बंदुकीचं दुकान. आत ट्यूबलाइट इतक्या की ऑपरेशन करता येईल. काउंटरवर एक जाडजूड, चष्मेवाला दुकानदार. मी म्हणालो, "संध्याकाळी दिसेल असा हवाय." तो म्हणाला, "मग इथे काय बघतोस?" आणि दोन स्कोप उचलून मला मागच्या स्टोअररूममध्ये घेऊन गेला, दिवा न लावता. दार अर्धवट लोटून घेतलं.

"तिकडच्या खोक्यावर काय लिहिलंय?"

पहिला स्कोप डोळ्याला लावला. दहा ते चाळीस पट झूम, पुढची काच पन्नास मिलिमीटर. खोकं दिसलं, भलंमोठं दिसलं, पण चिखलातून बघितल्यासारखं. आणि मधला क्रॉस, ज्याच्यावर नेम धरायचा, तो केसाएवढा बारीक, तो तर नाहीच! गायब! दुसरा लावला. झूमबिम काही नाही, एकच, आठ पट, पण पुढची काच छप्पन्नची. आणि अहो, खोलीत कुणी दिवा लावला असं वाटलं मला. खोक्यावरचा नंबर वाचला, खोक्याला लावलेली चिकटपट्टी दिसली, आणि क्रॉसच्या तीन बाजू अशा जाड की अंधारातही ठळक.

"कसं काय?"

त्याने मला दोन्ही स्कोप हात लांब करून धरायला लावले, उजेडाकडे. मागच्या काचेत उजेडाचा एक छोटा गोल दिसतो. पहिल्यातला, दहावर ठेवला तर कसाबसा वाटाणा, चाळीसवर नेला तर मोहरीचा दाणा. आठ बाय छप्पन्नमधला शर्टाच्या बटणाएवढा. "छप्पन्न भागिले आठ, सात," तो म्हणाला. "तरण्या माणसाची बाहुली अंधारात सातपर्यंत उघडते. जेवढा गोल मोठा तेवढा उजेड आत. झूम म्हणजे उजेड नाही." मग स्वतःच्या चष्म्याकडे बोट दाखवून म्हणाला, "माझी उघडत नाही आता. तुझी उघडते. वापरून घे."

मी परत येताना सायकल अक्षरशः उडवली. इतकं भारी काहीतरी कळलं की कुणालातरी सांगायलाच हवं. मला असंच होतं, कळलं की सांगितल्याशिवाय राहवत नाही. आणि सांगायला कोण होतं? एकच माणूस. ज्याला सांगायचं नव्हतं तो.

संध्याकाळी शीट बनवली. पहिल्या ओळीत स्कोपची नावं, दुसरी ओळ किंमत, तिसरी वजन, चौथी झूम, पाचवी वॉरंटी, सहावी पाणी लागलं तर काय, सातवी 'अंधारात किती दिसतं', आठवी बसवायला सोपं का. सातव्या ओळीत सगळ्यात जास्त वजन द्यायचं, हे मला स्टोअररूममध्येच कळलं होतं. दिलंही. आठ बाय छप्पन्न पहिला आला. मी त्या आकड्याकडे बघत बसलो. खालून आत्याचा आवाज येत होता, ती भारतात फोनवर सांगत होती की शेतकरी आमच्या बाळावर किती खूश आहे. आमच्या बाळावर. माझं नाव नाही.

मी सातव्या ओळीवर राइट क्लिक केलं आणि 'हाइड' दाबलं. वजनं नव्याने वाटली, झूमला चाळीस टक्के. दहा-ते-चाळीसवाला पहिला आला. सेव्ह केलं, मेल केली.

दोन मिनिटांत त्याचं उत्तर. "दादा यू आर अ लेजंड."

शनिवारी त्याच्या गाडीतून दुकानात गेलो. त्याला सांगितलं, पहिला आलेला तू घे, मी दुसऱ्यावर भागवतो. तोच दुकानदार. ट्यूबलाइटमध्ये आतेभावाने तो स्कोप डोळ्याला लावला आणि दारातून रस्त्यापलीकडे बघायला लागला. "ओ माय गॉड, दादा, तिकडचा माणूस सँडविच खातोय, त्यातली काकडी दिसते!" दुकानदार म्हणाला, "पण संध्याकाळसाठी..." आणि मी मध्येच बोललो. मी! म्हणालो, "तो जास्त करून टार्गेटवरच मारणार आहे." दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. आठ बाय छप्पन्न माझ्या हातात होता. मग त्याने दोन्हींचं बिल केलं. त्या बघण्याने माझे कान तापले ते घरी पोचेपर्यंत तापलेले.

पण मागे फिरलो का? नाही.

ऑगस्टचा शेवटचा शनिवार. आत्याने डब्यात थालीपीठ दिलं, दोघांना सारखं, आणि त्याच्याच डब्यात लोण्याची जास्तीची वाटी. (हो, मोजायचो मी.) सूर्य गेला होता, शेतावर निळसर उजेड होता फक्त. म्हाताऱ्याने आम्हाला बांधाच्या कडेला पालथं झोपवलं. समोर कुंपणाचे लाकडी खांब एका रांगेत. "तिसऱ्या खांबापर्यंत," तो कुजबुजला. "तीस यार्ड. त्याच्या पलीकडे ससा कितीही गोंडस दिसला तरी मारायचा नाही. एअर रायफलमध्ये त्याला मारण्याइतका जोर राहत नाही, फक्त दुखापत होते. कळलं?" आम्ही दोघांनी मान हलवली.

ससे आले. आधी कान, मग ससे.

पहिला नंबर आतेभावाचा. मी त्याच्या शेजारीच होतो, त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याने डोळा लावला. चाकं फिरवली. झूम कमी केला, पार दहावर आणला. पुन्हा डोळा लावला. एक ससा दुसऱ्या खांबापाशी, मला नुसत्या डोळ्यांनीसुद्धा ठिपका दिसत होता, सोप्यातला सोपा. मी मनात म्हणत होतो, मार ना, मार, चूक एकदाचा.

त्याने सेफ्टी लावली. "सॉरी," तो म्हाताऱ्याला म्हणाला, "कान्ट सी द क्रॉस. आय'म नॉट टेकिंग इट."

बस्स. लाज नाही, काही नाही. जसं चहात साखर नको म्हणावं तसं.

मला आतून असं काही उसळलं! जिंकलो! माझा नंबर. मी आठ बाय छप्पन्नला डोळा लावला आणि तो सगळा निळा अंधार उजळला. मिशा दिसल्या. बीटाचं पान हलताना दिसलं. ससा एवढा जवळ, एवढा स्वच्छ, की हात पुढे केला तर कान पकडता येतील. क्रॉस जाड, काळा, डोक्यावर बरोबर बसला. इतकं सोपं होतं ते. इतकं सोपं होतं की मी डोकं वर करून एकदाही बघितलं नाही हा कुठला ससा आहे. दुसऱ्या खांबापाशीचा कधीच निघून गेला होता.

मारला.

आवाज आला, थप्प, ओला. ससा उडाला नाही. स्वतःभोवती फिरायला लागला. एकदा, दोनदा, मग मागचे पाय ओढत झुडपाकडे. त्या छान, महागड्या काचेतून मला ते सगळं दिसत होतं. सगळं. मी डोळा काढू शकलो असतो, पण काढला नाही. का ते माहीत नाही.

म्हातारा उठला, शांतपणे चालत गेला, वाकला, एक झटका, संपवलं. मग तिथून आमच्याकडे येताना पावलं मोजत आला. मला वाटलं पाय अवघडलेत म्हणून हळू येतोय.

"अठ्ठेचाळीस," तो म्हणाला.

तिसऱ्या खांबाच्याच काय, चौथ्याच्याही पलीकडे होता तो.

ससा त्याने माझ्यासमोर गवतावर ठेवला. माझ्या स्कोपकडे बघून म्हणाला, "काच उत्तम आहे." टोमणा नव्हता, खरंच म्हणाला. मग आपल्या ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून, टॉर्च तोंडात धरून लिहायला लागला. मी बाजूला उभा. त्याने नाव विचारलं नाही, त्याला स्पेलिंग येत होतं. आतेभावाचं.

"मेट," कागद देताना म्हणाला, "दिसत नाही म्हणालास, मला तेवढं पुरे."

त्याला दिसू नये याची सगळी व्यवस्था मी केली होती, आणि तेवढ्यावरच त्याला कागद मिळाला. गाडीत मागच्या सीटवर ससा पिशवीत होता आणि मी पुढच्या सीटवर, खिडकीबाहेर बघत. मला हसायला पण येत होतं आणि आतेभावाच्या खिशातून डोकावणाऱ्या त्या कागदाला काडी लावावीशी पण वाटत होती.

रविवारी आत्याने सशाचा सावजी रस्सा केला. तर्री अशी की घरातले स्मोक अलार्म वाजले. "दादाने मारला हं," ती सगळ्यांना वाढताना सांगत होती. माझं नाव आलं एकदाचं त्या घरात, ते असं. मी रस्सा ओतून घेतला आणि तुकडे बाजूला सारले.

जेवणानंतर आतेभाऊ लॅपटॉप घेऊन बसला, माझा स्कोप टेबलावर होता तो उलटसुलट करत. "दादा, तुझा एक्सेलमध्ये सात नाहीये."

"काय?"

"सहा आहे, मग डायरेक्ट आठ. मी तेव्हाच बघितला होता. मला वाटला तू चुकून डिलीट केला, म्हणून नाही बोललो. तुला वाईट वाटेल म्हणून."

तुला वाईट वाटेल म्हणून! आत्या किचनमध्ये भांडी घासत होती. मी म्हणू शकलो असतो, हो रे, चुकून. तो मानला असता. त्याने लगेच मानलं असतं, तोच तर त्रास.

"डिलीट नाही केली," मी म्हणालो. "लपवली. राइट क्लिक कर, अनहाइड कर."

त्याने केलं. वाचलं. हळूहळू वाचलं, मराठीत लिहिलेलं होतं म्हणून. मग स्कोप हात लांब करून खिडकीच्या उजेडाकडे धरला, कुणी न शिकवता, आणि त्याला तो बटणाएवढा गोल दिसला. दुसरा स्कोप धरला. वाटाणा.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"दुकानात पण?"

"हो."

त्याने दोन्ही स्कोप खाली ठेवले. मी वाट बघत होतो की आता आत्याला हाक मारेल.

"यू मपेट," तो म्हणाला शेवटी, म्हणजे येड्या. हसला नाही. "अबे दादा, मला विचारायचा ना. मला तो पेपर एवढा नको होता. मला फक्त तुझ्यासोबत जायचा होता."

'अबे' त्याने माझ्याकडूनच उचललं होतं. पुढे तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही, सकाळी बसस्टॉपवर हॉर्नसुद्धा नाही, आणि ते मला बरं वाटलं. निदान रागावतो तरी, माणूस आहे. चौथ्या दिवशी त्याची गाडी थांबली. काच खाली केली. "शनिवारी येतो का? त्यानं सांगितलंय, तू आला तर चालेल. बंदूक नाही आणायची. आणि तुझा स्कोप मला पाहिजे."

मी स्वतःच स्क्रू काढून माझा स्कोप त्याच्या रायफलवर बसवला. गार्डनमध्ये त्याने डबे मारून जुळवून घेतलं, छर्रा क्रॉसवर लागेपर्यंत. दहातले आठ. सुधारला होता.

शनिवारी त्याच बांधावर. तो रायफलवर, मी शेजारी रिकाम्या हातांनी, माझं काम एकच, डोकं वर ठेवायचं आणि खांब मोजायचे. कारण काचेतून सगळंच जवळ वाटतं, ते मला माहीत झालं होतं. निळा उजेड. कान आले, मग ससे. त्याने डोळा लावला आणि त्याच्या तोंडून आपोआप "वॉव" निघालं, अगदी हळू. मला माहीत होतं त्याला काय दिसतंय. मिशा, पान, सगळं. ती माझी काच होती, मी शोधून काढलेली, आणि कागद त्याच्या खिशात, आणि वॉवसुद्धा त्याचंच.

"दादा," तो कुजबुजला, बोट ट्रिगरच्या बाहेर, "आत आहे का बाहेर?"

ससा दुसऱ्या आणि तिसऱ्या खांबाच्या मध्ये बसला होता. मी मोजलं. पुन्हा मोजलं, गरज नसताना. तो वाट बघत होता. माझ्या शब्दाशिवाय तो मारणार नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

"आत आहे," मी म्हणालो. पण दोन सेकंद उशिरा.